ओझे वाहणाऱ्याचे चार विसावे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त शेवगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा यथोचित गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केला आहे. मला आयोजकांनी विषय दिला तो काहीसा वेगळा आहे : 'धकाधकीच्या जीवनात विश्रांती आणि प्रवासाचे नियोजन'. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सुटीचा आणि सहलीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आपला समाज कष्टाळू म्हणून ओळखला जातो. आपल्या वाडवडिलांनी डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन खेडोपाडी, आठवडे बाजारांतून व्यापार केला आणि त्या घामावर आजच्या पेढ्या उभ्या राहिल्या. अशा समाजाला विश्रांती घ्या असे सांगणे म्हणजे आळसाचा उपदेश करणे नव्हे काय? मला वाटते, या शंकेचे उत्तर आपल्या आगमांतच आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

श्वेतांबर परंपरेच्या अंगसूत्रांमध्ये स्थानांगसूत्र, ज्याला आपण ठाणांग म्हणतो, त्याच्या चौथ्या स्थानात ओझे वाहणाऱ्या माणसाचा एक दृष्टान्त आला आहे. भार वाहून नेणाऱ्याला वाटेत चार विसावे मिळतात, असे तेथे सांगितले आहे. पहिला विसावा म्हणजे तो ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतो तो. दुसरा, देहधर्मासाठी क्षणभर ओझे खाली ठेवतो तो. तिसरा, वाटेतील देवस्थानात मुक्काम करतो तो. आणि चौथा, मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचून ओझे कायमचे उतरवतो तो. शास्त्रकारांनी हे चार विसावे श्रावकाच्या साधनेला लावून दाखविले आहेत. व्रत-नियमांचा स्वीकार हा पहिला, सामायिक व देशावकाशिक हा दुसरा, पर्वतिथींचा पौषध हा तिसरा आणि अखेरची संलेखना हा चौथा. हा अर्थ आध्यात्मिक आहे आणि तोच श्रेष्ठ आहे. मी आज केवळ त्या दृष्टान्ताचा आधार घेऊन संसाराच्या ओझ्याविषयी बोलणार आहे. दृष्टान्तातील एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शास्त्रकारांनी त्या भारवाहकाला आळशी म्हटलेले नाही. विसावा हा त्याच्या वाटचालीचाच भाग मानला आहे.

कोणी म्हणेल, प्रमाद हा तर आपल्याकडे मोठा दोष. उत्तराध्ययनसूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवंतांनी गौतमस्वामींना क्षणाचाही प्रमाद न करण्याविषयी पुनःपुन्हा सावध केले आहे. हे खरे आहे. परंतु प्रमाद म्हणजे असावधपणा. दिवसभर थकलेला माणूस रात्री हिशेब लिहितो तेव्हा जमेची रक्कम नावे पडते, गिऱ्हाइकाशी शब्दाला शब्द वाढतो, घरी आल्यावर मुलाच्या साध्या प्रश्नावर संताप होतो. ही असावधता थकव्यातूनच आली. जी विश्रांती माणसाला पुन्हा सावध करते, तिला प्रमाद म्हणता येणार नाही. उलट, रात्री बारापर्यंत मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत पडून राहणे, याला आपण विश्रांती समजतो. पण त्यातून उठणारा माणूस अधिकच शिणलेला असतो. प्रमाद शोधायचाच असेल तर तो तेथे शोधावा.

आता आपल्या दिनक्रमाचा जमाखर्च मांडून पाहू. सकाळी नऊ वाजता दुकान उघडणारा आणि रात्री नऊ वाजता बंद करणारा व्यापारी रोज बारा तास गादीवर असतो. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवले तरी हे ७२ तास होतात, आणि तोही दिवस वसुलीत किंवा माल आणण्यात गेला तर ८४. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांची तुलना त्यात ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी केली आहे. अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. जगभरात २०१६ या एका वर्षात दीर्घकाळ कामाशी निगडित असे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. आपण ५५ तासांची मर्यादा बहुधा गुरुवारी किंवा शुक्रवारीच ओलांडतो. ज्या कुटुंबासाठी हे कष्ट चालले आहेत, त्या कुटुंबाला माणूस हवा आहे, हे विसरून कसे चालेल?

बंधू-भगिनींनो, पहिला विसावा खांदा बदलण्याचा. येथे ओझे खाली ठेवलेले नाही, चालणेही थांबलेले नाही. फक्त एका खांद्याचा भार दुसऱ्याने घेतला आहे. रोजच्या जीवनात हा विसावा घरातल्या घरात मिळू शकतो. वडील दुपारी घरी गेले की मुलाने गल्ला सांभाळावा, दोन भावांनी संध्याकाळ वाटून घ्यावी, विश्वासू मुनीमावर काही निर्णय सोपवावेत. पण आपल्याकडे अडचण कामाची नसून स्वभावाची असते. किल्ली माझ्याच कनवटीला हवी, भाव मीच सांगणार, उधारी कोणाला द्यायची ते मीच ठरवणार, असा आग्रह असला की दुसरा खांदा जवळ असूनही उपयोगी पडत नाही.

सामायिकाचा काल एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. सामायिक ही साधना आहे, तिला मी विश्रांती म्हणणार नाही. पण तिच्यातील कालनियम आपल्याला शिकवण्यासारखा आहे. वेळ मिळाला तर सामायिक करीन, असे म्हणणाऱ्याचे सामायिक होत नाही. बैठक घालून, घड्याळ समोर ठेवून बसणाऱ्याचे होते. विश्रांतीचेही तसेच आहे. कामातून उरलेल्या वेळात ती कधीच मिळत नाही, कारण काम कधीच उरत नाही असे होत नाही. ती आधी ठरवावी लागते.

या पहिल्या विसाव्याच्या संदर्भात घरातील गृहिणीचा विचार प्रथम झाला पाहिजे. दुकानाला निदान शटर आहे. स्वयंपाकघराला तेही नाही. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे व्हावीत म्हणून तिची धावपळ, सकाळी नवकारसीची तयारी, उकळलेल्या पाण्याची काळजी, आल्या-गेल्याचे आतिथ्य आणि चातुर्मासात साधु-साध्वींच्या गोचरीची भावना. ही सारी व्यवस्था तिने आनंदाने सांभाळली म्हणून तिला थकवा येत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. दिवसातून एक तास घरातील इतर कोणी तिचे काम आपल्या खांद्यावर घ्यावे, ही अपेक्षा मोठी नाही. मुलाला चहा करता आला आणि सुनेला दुपारी निवांत पुस्तक वाचता आले, तर घराची प्रतिष्ठा कमी होत नाही.

दुसरा विसावा ओझे थोडा वेळ जमिनीवर ठेवण्याचा. आठवड्याची सुटी हा तो विसावा. आज रविवार आपल्याला आपोआप मिळाल्यासारखा वाटतो. परंतु महाराष्ट्रात तो झगडून मिळविला गेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि त्यांना आठवड्याची निश्चित सुटी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली, तिच्यात स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा वर्षांच्या प्रयत्नानंतर मिळालेला हा दिवस आहे. २००५ साली भारत सरकारने लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्याच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर हे त्यांचे मूळ गाव. म्हणजे हा सारा इतिहास आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे.

या इतिहासातून आपण मालक म्हणून एक गोष्ट शिकली पाहिजे. आपल्या दुकानात काम करणारा मुलगा, गोदामातील हमाल, घरी धुणी-भांडी करणारी बाई यांच्याही खांद्यावर ओझे आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. पण त्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनांतील प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी मिळाली पाहिजे, हे बंधनही घातले. दुकान लहान आहे, कायदा लागू होत नाही, हे कारण न्यायालयात चालेल. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या समाजात ते चालू नये. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे आश्रितावर शक्तीपेक्षा अधिक भार लादणे, याची गणना आहे. बैलाच्या पाठीवरील गोणी आपण पाहतो. माणसाच्या सातव्या दिवसाकडेही पाहिले पाहिजे.

व्यापाऱ्याला भीती वाटते ती गिऱ्हाईक तुटण्याची. ही भीती खोटी नाही. शेजारचे दुकान उघडे आणि आपले बंद, हे सहन करणे कठीण असते. आता तर घरबसल्या मोबाइलवर माल मागविण्याची सोय झाल्याने स्पर्धा अधिकच वाढली आहे. म्हणूनच साप्ताहिक सुटीचा निर्णय एकट्याने नव्हे, एका व्यवसायाच्या सर्वांनी मिळून घेतला तर टिकतो. आणि घेतल्यावर तो दिवस खरोखर मोकळा ठेवावा. बंद शटरच्या आत बसून साठ्याची मोजदाद करणे, ही सुटी नव्हे. त्या दिवशी फोन घरी एका ठिकाणी ठेवावा. पूर्वी पेढी पेढीवरच राहत असे. आता ती खिशात बसून जेवणाच्या ताटापर्यंत येते.

तिसरा विसावा वाटेतील मुक्कामाचा. वर्षातून एकदा गाव सोडून काही दिवस अन्यत्र राहणे, हा तो विसावा. येथे नियोजनाचा खरा प्रश्न येतो, आणि तो शेवगावच्या व्यापाऱ्याचा काही वेगळाच आहे.

शहरातील नोकरदाराला दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी सोयीची असते. आपल्याकडे दिवाळीत कापड, सराफी आणि किराणा या व्यवसायांचा ऐन हंगाम. दिवाळीपासून पुढे कपाशीची खरेदी आणि जिनिंग, त्याच काळात साखर कारखान्यांचे गाळप. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. कापड आणि भांड्यांच्या दुकानदाराला मान वर करायला फुरसत नाही. मेअखेरपासून बियाणे-खतांच्या दुकानांसमोर गर्दी. म्हणजे मुलांना सुटी असते तेव्हा बापाला नसते, आणि बापाला फुरसत मिळते ती भर पावसाळ्यात किंवा पितृपक्षात, जेव्हा मुलांच्या शाळा असतात आणि चातुर्मासामुळे आपल्यापैकी अनेकांचा प्रवास मर्यादित असतो. या अडचणीमुळे 'यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू' हे वाक्य वर्षानुवर्षे घराघरांत चालत आले आहे.

यावर उपाय असा की, आपल्या धंद्याची दिनदर्शिका एकदा कागदावर मांडावी. अडतीच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्याला एप्रिल मोकळा असू शकतो. खते-बियाणेवाल्याला एप्रिलचा अखेरचा पंधरवडा साधता येतो. कापडवाल्याने पंचांग उघडून लग्नतिथींत खंड कोठे पडतो ते पाहावे. मे-जूनमध्ये असा खंड पुष्कळदा सापडतो, आणि शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखा ध्यानात घेऊन वीस तारखेनंतर निघावे, म्हणजे प्रवासात कर सल्लागाराचे फोन येत नाहीत. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. शेवगावकराला लांबच्या गाडीसाठी अहिल्यानगर, संभाजीनगर किंवा मनमाड गाठावे लागते, तेव्हा तारीख दोन महिने आधी पक्की असणे आवश्यक ठरते. तारीख पक्की झाली की ती भिंतीवरील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावी आणि घरातील लहान-थोर सर्वांना सांगावी. सहलीचा आनंद निघण्यापूर्वीच सुरू होतो, हे आपला अनुभव सांगतो; नेदरलँड्समधील पंधराशेहून अधिक व्यक्तींच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सहलीला जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. परतल्यानंतर बहुतेकांचा तो अधिकचा आनंद टिकला नव्हता. ज्यांची सहल अत्यंत निवांत झाली, तेच इतरांहून आनंदी होते.

निवांत हा शब्द महत्त्वाचा आहे. आपली यात्रा कशी होते? आठ दिवसांत अकरा तीर्थे, पहाटे चारला गाडी सुटणार, दर्शन अर्ध्या तासात, पुन्हा गाडी. घरी आल्यावर दोन दिवस अंग दुखते, आणि कोठे काय पाहिले हे फोटो पाहून आठवावे लागते. त्यापेक्षा दोनच ठिकाणे निवडावीत आणि तेथे राहावे. वेरूळचे उदाहरण घ्या. शेवगावहून ते एका दिवसाच्या अंतरात आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेही आहे. पण कितीजणांनी लेणी क्रमांक ३० ते ३४ पाहिली? तेथील जैन लेणी मुख्य समूहापासून काहीशी दूर, उत्तरेच्या टोकाला आहेत. प्रवासी सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून थकतात आणि परत फिरतात. बत्तिसाव्या इंद्रसभेतील शिल्पकाम, तपश्चर्येत उभे असलेले बाहुबली आणि पार्श्वनाथ, छतावरील रंगकामाचे अवशेष, हे सारे आपले असून आपल्याविना राहते. पुढल्या वेळी सकाळी प्रथम तिकडेच जावे. मंगळवारी वेरूळची आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

ज्यांना आठ दिवस काढणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी एका दिवसाचा मुक्कामही पुरेसा ठरू शकतो. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी आपल्या तालुक्याच्या सीमेला येऊन टेकले आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये त्या धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये ते पूर्ण होऊन राष्ट्राला अर्पण झाले आणि १९८६ पासून तेथे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशींचे पक्षी तेथे उतरतात, रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला मिळतात. हजारो मैल उडून ते आपल्या दाराशी येतात आणि आपल्याला तासाभराचा रस्ता लांब वाटतो! पैठणला भगवान मुनिसुव्रतनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. घोटणचे प्राचीन मल्लिकार्जुन मंदिर तर आपल्याच तालुक्यात आहे. सकाळी निघून, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून परत येता येईल अशी ही स्थळे आहेत. बागलाणातील मांगीतुंगीला, जेथे २०१६ साली भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंचीच्या अखंड पाषाणातील मूर्तीची प्रतिष्ठापना झाली, एक मुक्काम धरून जाता येते.

प्रवासात आपल्या आहारनियमांची अडचण होते, म्हणून अनेकजण जाण्याचेच टाळतात. नियोजन नीट असेल तर ही अडचण राहत नाही. तीर्थक्षेत्रांच्या भोजनशाळांच्या वेळा आधी फोन करून विचाराव्यात आणि दिवसाचा प्रवास सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी संपेल असा आखावा. मात्र आणखी एक अडचण आपणच निर्माण करतो. निघण्यापूर्वी चार दिवस घरातील स्त्रिया पुऱ्या, खाखरे, चिवडा आणि लाडू करीत राबतात, सोबत शेगडी घेतात आणि धर्मशाळेच्या ओट्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागतात. पुरुष पत्ते खेळतात किंवा झोपा काढतात. ही सहल अर्ध्या कुटुंबाची झाली. भोजनशाळा जेथे आहे तेथे शेगडी नेऊ नये, आणि जेथे नाही तेथे स्वयंपाकात सर्वांनी हात लावावा.

खर्चाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगणाऱ्या आपण सहलीचेही प्रदर्शन करू लागलो आहोत. अमका परदेशी गेला म्हणून तमक्याने कर्ज काढून जावे, यात विश्रांती नाही. परतल्यावर हप्त्यांचे नवे ओझे आहे. आपल्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, जे कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा ठरवायला सांगते. आनंद हा अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, हे त्यातून उमजावे. लक्ष्मीपूजनाला आपण नवी वही पूजतो. त्या वहीत एक खाते 'विसावा खाते' या नावाने घालावे आणि दरमहा झेपेल तेवढी रक्कम त्यात जमा करावी. ज्या गोष्टीचे खाते असते तिची आठवण राहते, हे व्यापाऱ्याला मी सांगायला नको.

फिरणे आणि थांबणे यांची सांगड कशी घालावी, हे आपल्या साधुसंस्थेने दाखवून दिले आहे. शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आणि १९१३ साली मिरी येथे दीक्षा घेतलेले आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज साहेब उत्तर भारतापर्यंत पायी विहरले. परंतु प्रत्येक वर्षी वर्षाकाळाचे चार महिने ते एका ठिकाणी स्थिर राहिले. पावसात उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्म जीवांची विराधना होऊ नये, हे चातुर्मासाचे मूळ कारण. पालिताण्याचा शत्रुंजय पर्वतदेखील चातुर्मासात यात्रेकरूंसाठी बंद असतो आणि कार्तिकी पौर्णिमेला यात्रा पुन्हा सुरू होते. एरवीही संध्याकाळ झाली की सर्वजण खाली उतरतात. पर्वतावर कोणी रात्री मुक्काम करीत नाही. एवढ्या मोठ्या तीर्थाला जर रात्रीची आणि वर्षातील चार महिन्यांची शांतता असते, तर आपल्या दुकानाला चार दिवसांची का असू नये?

आता चौथा विसावा, ओझे उतरवून ठेवण्याचा. याविषयी आपण बोलायला कचरतो. सत्तरी उलटली तरी गादी सोडवत नाही. मुलगा पन्नाशीला आला तरी धनादेशावर सही वडिलांचीच. मग एखाद्या दिवशी प्रकृतीच सक्तीची विश्रांती देते आणि जे शांतपणे सोपवायचे ते रुग्णालयाच्या खाटेवरून घाईघाईने सोपवावे लागते. कोणाची उधारी किती, कोणता माल कोठून, कोणाला शब्द दिलेला आहे, हे सारे एका माणसाच्या डोक्यात असते आणि घरातील इतरांना ठाऊक नसते.

वर्षातून आठ दिवसांचा प्रवास येथे उपयोगी पडतो, आणि माझ्या मते त्याचा हाच सर्वांत मोठा लाभ आहे. मालक आठ दिवस बाहेर गेला की मुलाला, सुनेला, मुनीमाला निर्णय घ्यावे लागतात. काही चुकतील, काही नुकसान होईल. ते नुकसान शिक्षणाचा खर्च म्हणून लिहावे. ज्या पेढीचा मालक आठ दिवस गेल्यावर पेढी चालत नाही, ती पेढी एका माणसाच्या श्वासावर चालली आहे असे समजावे. आपल्या या संस्थेकडेच पाहा. पन्नास वर्षांत अध्यक्ष बदलले, चिटणीस बदलले, खजिनदारांनी वही आणि किल्ली पुढच्यांच्या हाती दिली, म्हणून संस्था टिकली. संस्थेत जे आपल्याला जमले ते घरातही जमले पाहिजे.

आणि तीर्थयात्रा ही म्हातारपणासाठी राखून ठेवण्याची गोष्ट नव्हे. सम्मेदशिखरजी, जेथून वीस तीर्थंकर मोक्षाला गेले, तेथील चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाट आहे. डोलीची सोय आहे, तिचा संकोच नको. पण आपल्या पायांनी, आपल्या मुलांचे हात धरून चढण्याचा आनंद डोलीत मिळत नाही. 'मुलाचे लग्न झाले की जाऊ', 'नातवाचे शिक्षण झाले की जाऊ' असे म्हणता म्हणता गुडघे थकतात, किंवा दोघांपैकी एकच जण उरतो. एकट्याने केलेल्या वंदनेत पुण्य कमी नसेल, परंतु सोबतीची उणीव राहतेच.

समारोप करताना विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या समाजात सर्वांनाच प्रवास परवडतो असे नाही. काही घरांत कमावता माणूस एकटाच आहे, काही भगिनी एकाकी आहेत, काही वृद्धांची मुले परगावी आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशांसाठी दरवर्षी एक निवांत यात्रा संस्थेने काढावी : दोनच ठिकाणे, तीन मुक्काम, सोबत चार तरुण कार्यकर्ते. आणि ज्याचे दुकान एकट्यावर अवलंबून आहे, त्याचे दुकान त्या दिवसांत शेजारच्या समाजबांधवाने सांभाळावे. साधर्मिक वात्सल्य आपण भोजनाने करतो. कोणाच्या खांद्यावरचे ओझे चार दिवस आपल्या खांद्यावर घेणे, हेही साधर्मिक वात्सल्यच आहे.

उपस्थित प्रत्येक कुटुंबाला माझी एवढीच विनंती आहे की, आज घरी गेल्यावर सर्वांनी एकत्र बसावे, दिनदर्शिका समोर घ्यावी आणि पुढील वर्षातील चार दिवस ठरवावेत. कोठे जायचे ते मागाहून ठरले तरी चालेल. ते दिवस कोण दुकान पाहील आणि कोण घर पाहील, हे मात्र आजच ठरवावे.